मोठ्या गावाने काय व्हावं: ग्रामपंचायत, नगरपंचायत की महापालिकेचा भाग?

वेशीवरून

महापालिकेच्या आसपासच्या बऱ्याच मोठ्या गावांत सध्या ही चर्चा चालू आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याचं गाव धरू. लोकसंख्या १८ हजार, ग्रामपंचायत, महापालिकेची हद्द १२ किलोमीटरवर, निम्म्याहून जास्त कुटुंबांचं पोट नोकरी-धंद्यावर. गावापुढे तीन वाटा आहेत: आहे तसं राहायचं, नगरपंचायत मागायची, किंवा महापालिकेत समावेश मागायचा.

माझं मत आधीच सांगतो. हा निर्णय पुढच्या पाच वर्षांच्या जमाखर्चावर आणि कुठल्या कागदावर कोणाची सही लागणार यावर घ्यायला हवा. ग्रामसभेत मात्र ठराव "गावाचा विकास व्हावा म्हणून" एवढ्या एका ओळीवर मंजूर होतो, आकडा एकही मांडला जात नाही. निकष, प्रक्रिया, घरपट्टी, निधी, कर्मचारी, पाणी यांपैकी ज्याला जे पक्कं माहीत आहे ते त्याने लिहावं. पक्षांची भांडणं इथे नकोत.

चावडी_वाचक

गरजेचा विषय. वाचतोय.

टिपणवही

निकषांपासून सुरुवात करतो. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने (लागू १ जून १९९३) शहरी संस्थांचे तीन प्रकार केले: ग्रामीण भागाचा शहरी भाग होत असताना नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्या शहराला महापालिका. आकडे राज्याने ठरवायचे. आपल्याकडे नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५चा अधिनियम लागू आहे. नगरपंचायतीचं कलम ३४१-अ. लोकसंख्या १० ते २५ हजार हवी, आणि गाव महापालिका किंवा अ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून २५ किमीच्या आत असेल तर बिगरशेती रोजगार किमान २५ टक्के हवा. गाव त्याहून लांब असेल तर ही अट आणखी कडक होते. नगरपरिषदेला लोकसंख्या २५ हजारांच्या वर आणि बिगरशेती रोजगार ३५ टक्के. महापालिकेला लोकसंख्या ३ लाख.

तालुक्याच्या ठिकाणांची गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायत करायचं धोरण आलं. त्यामुळे लोकसंख्या कमी असलेली गावंही नगरपंचायती झाली.

धाग्यातलं नमुन्याचं गाव निकषात बसतं. पण निकषात बसलं म्हणजे हक्काने मिळालं, असं होत नाही. अधिकार राज्य शासनाचा आहे. ग्रामसभेचा ठराव ही मागणी असते, आदेश नसतो.

प्रभाग१७

टिपणवहींच्या माहितीत थोडी भर. सदस्यसंख्या काही वाढत नाही. ७,५०० च्या वर लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतीत १७ सदस्य असतात, नगरपंचायतीतही १७च. फरक प्रभागांचा. ग्रामपंचायतीत एका प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडून जातात, नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक.

१८ हजाराला १७ने भागा: सरासरी १,०५८. प्रभाग या सरासरीच्या दहा टक्के खाली-वर चालतो, म्हणजे साधारण ९५२ ते १,१६४. रचना उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेत संपवायची आणि जनगणनेचा प्रगणक गट (एका प्रगणकाने मोजलेला घरांचा भाग) शक्यतो फोडायचा नाही. गोंधळ इथेच होतो. आधार २०११च्या जनगणनेचा असतो आणि वेशीबाहेरच्या नव्या सोसायट्या २०११ मध्ये उभ्याच नव्हत्या. मग मतदारयादीत तिप्पट नावं असलेला प्रभाग आणि जुन्या गावठाणातला प्रभाग कागदावर सारखेच ठरतात. हरकत घ्यायची तर प्रारूप प्रभागरचनेवरच घ्या. अंतिम झाल्यावर फार काही हाती राहत नाही.

महिलांना निम्म्या जागा, म्हणजे १७ पैकी ९.

माळरान

मला ग्रामपंचायतच राहिलेली बरी वाटते. कारण सरळ आहे, पैसा थेट गावात येतो. १४व्या वित्त आयोगाचं (२०१५-२०) ग्रामीण अनुदान पूर्ण ग्रामपंचायतीला होतं. १५व्या आयोगात आपल्या राज्यात वाटणी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १० अशी झाली. २०२१ ते २०२६ या काळात त्यातलं ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचं होतं: निम्मं पिण्याच्या पाण्यावर, निम्मं स्वच्छतेवर. उरलेलं ४० टक्के अबंधित होतं. आराखडा ग्रामसभेने करायचा, तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा, सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने पैसे द्यायचे.

नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपली. माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा तोटा. ग्रामसभेत कुठलाही मतदार उठून खर्चाचा हिशेब मागू शकतो. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला बोलायचा हक्क नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची (त्या भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण ती भरलेली कुठे दिसत नाही.

आकृतिबंध

माळरान, ग्रामसभेच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. पैशाच्या मुद्द्यावर नाही.

१८ हजारांच्या गावाचा कारभार एका ग्रामसेवकाच्या बळावर चालतो. त्याच्याकडे दाखले, कर, ग्रामसभा, आराखडा, घरकुलं, वर निवडणुकीची कामं. अभियंता पंचायत समितीत बसतो आणि त्याच्याकडे पंधरा-वीस गावं असतात. रस्त्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेतली नोंद या प्रत्येक पायरीला गाव पंचायत समितीच्या दारात. नगरपंचायतीला राज्य संवर्गातला मुख्याधिकारी मिळतो. अभियंता, लेखापाल, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक यांची पदं मंजूर होतात. पदं भरली जायला वेळ लागतो हे खरं, पण पद मंजूर असेल तर निदान मागता तरी येतं.

आता कर्मचाऱ्यांबद्दल, कारण यावर कोणीच बोलत नाही. ग्रामपंचायतीचे शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, सफाई कामगार, लिपिक हे आपोआप नगरपंचायतीचे कायम कर्मचारी होत नाहीत. समावेशन आकृतिबंधातल्या (कोणती पदं किती, याच्या आराखड्यातल्या) मंजूर पदांवर होतं आणि त्याला शिक्षणाची अट आणि नेमणुकीचे कागद लागतात. लोक नेमके इथे अडकतात: नेमणुकीचा मासिक सभेचा ठराव सापडत नाही, सेवापुस्तक भरलेलंच नसतं, हजेरीपत्रकात खाडे, भविष्य निर्वाह निधीची कपात मध्येच बंद. वीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस एका कागदावाचून रोजंदारीवर राहतो. त्यामुळे ठरावाआधी निदान सहा महिने ही कामं करून घ्या: प्रत्येकाचं सेवापुस्तक पूर्ण, नेमणूक ठरावाची साक्षांकित प्रत, शिक्षणाचा दाखला, पगाराच्या नोंदी, आणि सगळ्यांची एकत्र यादी गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीने. उद्घोषणेनंतर (शासनाची नगरपंचायतीची अधिकृत सूचना निघाल्यावर) जुनं दप्तर कुठल्या कपाटात गेलं हे शोधत बसावं लागतं.

शिवारवाट

आकृतिबंध काका, तुमच्या या प्रतिसादाची प्रत काढून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हवी. माझ्यातर्फे दहा प्रती!

घरपट्टी_विचारतो

सामान्य माणसाला पहिला धक्का घरपट्टीचा बसतो. त्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? आणि "आठ-अ" चालतो की नाही, यावरही गोंधळ आहे.

टिपणवही

दोन वेगळ्या कागदांना एकच आकडा असल्याने गोंधळ होतो. गाव नमुना आठ-अ तलाठ्याकडचा: शेतजमिनीचा खातेउतारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांची कर आकारणी नोंदवही. त्यात एका ओळीत मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, मालमत्तेचं वर्णन, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य, आणि शेवटी घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी असे कर. मागणीसाठी नमुना ९ वेगळा.

हा नमुना ८ मालकी हक्काचा पुरावा नाही, करासाठीची नोंद आहे. पण गावठाणातल्या बहुतेकांकडे कागद म्हणून तोच असतो. नगरपंचायतीत नवी कर आकारणी होते तेव्हा सर्वेक्षणाचा माणूस दारात येऊन जे लिहील ते पुढे चालतं. भोगवटादाराच्या रकान्यात भाडेकरूचं नाव पडलं, वडील वारल्यावर वारसनोंद राहिली, वरचा मजला नोंदलाच नाही, या चुका आत्ताच नमुना ८ मध्ये दुरुस्त करून घ्याव्यात. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखकडून मिळकत पत्रिका काढून ठेवा. मालकीचा कागद म्हणून तिला वजन आहे.

दराबद्दल. नगरपरिषद अधिनियमात दर चार वर्षांनी फेरआकारणी असते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. यादी प्रसिद्ध होते, हरकतीची मुदत असते, सुनावणी होते. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांना पूर्ण दर एकदम लावायचा नाही, टप्प्याटप्प्याने वाढवायचा, अशी सोय कायद्यात आहे. पण टप्पे संपतात. शिवाय बांधकाम परवानगी नसलेल्या मालमत्तेवरची शास्ती (दंड) हा वेगळा बोजा. गावात बांधलेल्या बऱ्याच घरांना फक्त ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला असतो आणि शहरी नियमांत त्याला बांधकाम परवानगी मानत नाहीत. खरी चिंता तिथे आहे.

खडकवाट

महापालिकेचा विषय निघालाय तर पुण्याचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, त्यातली काही पुढे वगळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावं आली. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. तिथल्या लोकांचा मुख्य आक्षेप कराचा होता: आकारणी शहराची, सुविधा गावाच्या.

आणखी एक गोष्ट. २०२१च्या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) ठेवलं. म्हणजे कर महापालिकेला, रस्ते-पाण्याची अपेक्षा महापालिकेकडून, पण विकास आराखडा आणि बांधकाम परवानगी दुसऱ्याच संस्थेकडे. हद्द एकाची आणि सही दुसऱ्याची. विकास शुल्क ज्याच्याकडे जमा होतं त्याच्यावर गटार टाकायची जबाबदारी नाही आणि ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याच्या तिजोरीत ते शुल्क नाही. समावेश मागणाऱ्या गावाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: नियोजन प्राधिकरण कोण असणार?

खाडीकाठ

कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचाही धडा घ्या. १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये १८ गावं काढून वेगळी नगरपरिषद करायची अधिसूचना निघाली, ती मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द केली. नवी मुंबईलगतच्या १४ गावांचंही असंच आत-बाहेर झालं.

प्रत्येक वेळी दप्तर फिरतं, कराची थकबाकी कोणाची यावर वाद होतो, आणि पाण्याच्या जोडणीचा अर्ज कोणाच्या टेबलावर आहे तेच कळत नाही. प्रक्रियेत एक पायरी चुकली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हद्दवाढीसाठी महापालिकेशी सल्लामसलत, प्रारूप अधिसूचना, हरकती, सुनावणी ही साखळी कायद्यात आहे. ती घाईत गुंडाळली की न्यायालयात टिकत नाही.

पाणवठा

पाण्याचं गणित मांडतो. जलजीवन मिशनची योजना माणशी रोज ५५ लिटरवर आखलेली. १८ हजार गुणिले ५५ म्हणजे ९ लाख ९० हजार लिटर. शहरी योजनेचं प्रमाण भुयारी गटार नसलेल्या गावाला ७० लिटर आणि गटार असेल किंवा होणार असेल तर १३५. म्हणजे अनुक्रमे १२ लाख ६० हजार आणि २४ लाख ३० हजार लिटर. नवी पाटी लागल्याने टाकी मोठी होत नाही. ५५ लिटरच्या हिशेबाने निवडलेल्या वाहिनीतून १३५ लिटर न्यायचे तर पंप बदलून भागत नाही. प्रवाह वाढला की घर्षणातला दाब वर्गाच्या पटीत खर्च होतो आणि टोकाच्या घरांना पाणी पोचत नाही. उद्भव (पाण्याचा स्रोत), जलशुद्धीकरण केंद्र, टाकी, मुख्य वाहिनी सगळं नव्याने लागतं.

पुढे सांडपाणी. दिलेल्या पाण्याच्या ८० टक्के धरतात. २४ लाखांचे साधारण १९ लाख लिटर रोज, म्हणजे दोन एमएलडीचा (रोज वीस लाख लिटरचा) प्रकल्प. त्याला गावाच्या उताराच्या टोकाला जागा लागते. तिथे गायरान शिल्लक आहे का, हे आधी बघा. कचरा माणशी ३०० ग्रॅम धरला तरी रोज पाच टनांवर जातो. त्याला जागा कुठे?

हस्तांतरणाच्या वेळी ग्रामीण योजना अर्धवट असेल तर फार त्रास होतो. जिल्हा परिषद म्हणते गाव आता आमच्याकडे नाही, नगरपंचायत म्हणते काम आमचं नाही. ठरावाआधी योजनेचा पूर्णत्वाचा दाखला, जलवाहिन्यांचा नकाशा आणि वीजबिलाची थकबाकी किती, हे तीन कागद हातात हवेत. पंपाची आणि पथदिव्यांची थकबाकी नव्या संस्थेच्याच गळ्यात येते.

माळरान

पाणवठा, हेच तर म्हणणं आहे! १३५ लिटरची स्वप्नं दाखवून ५५ची टाकीही जाणार असेल तर घाई कशाला?

पाणवठा

टाकी जात नाही, माळरान. मालमत्ता नव्या संस्थेकडे वर्ग होते. मात्र नवा पैसा ग्रामीण योजनेतून येत नाही, अमृत किंवा नगरोत्थान यांसारख्या शहरी योजनेत प्रस्ताव करावा लागतो. मधली दोन-तीन वर्षं कशी काढायची ते ठरवा, एवढंच सांगतोय.

सातपुडा_कडून

अनुसूचित क्षेत्रातल्या (घटनेने ठरवलेल्या आदिवासी भागातल्या) गावांना हे सगळं असंच लागू करू नका. तिथे १९९६चा पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा) कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम आहेत. ग्रामसभेला गौण वनोपज, गौण खनिज, जमीन हस्तांतरण, सावकारी अशा बाबींत अधिकार आहेत. राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो.

मुळातला प्रश्न घटनेचा आहे. अनुच्छेद २४३ झेडसीनुसार नगरपालिकांचा भाग नऊ-अ अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, संसदेने कायदा करून तो लागू करायचा. त्यासाठीचं विधेयक २००१ मध्ये मांडलं गेलं, पण मंजूर झालं नाही. तरी तालुका मुख्यालय म्हणून तलासरी, मोखाडा, विक्रमगड इथे नगरपंचायती झाल्या. पेसा ग्रामसभेचे अधिकार तिथे नगरपंचायतीच्या हद्दीत कोण वापरणार, याचं उत्तर कायद्यात मिळत नाही. अशा गावांनी ठराव करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

खाडीकाठ

फार महत्त्वाचा मुद्दा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हाही जिल्हा परिषदेची फेरमांडणी करावी लागली. गट, गण (जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मतदारसंघ), कर्मचारी, ठेवी, सगळ्याची वाटणी. गाव जिल्हा परिषदेतून बाहेर पडलं की गटाची लोकसंख्या घटते, शेजारच्या गावांचे गट बदलतात. एका गावाच्या ठरावाचा परिणाम दहा गावांवर होतो, आणि त्या दहा गावांना कोणी विचारत नाही.

वऱ्हाडी_ठसा

थोडं अवांतर, पण विकेंद्रीकरणाचंच. खालच्या पातळीवर गाव की नगर यावर आपण डोकं फोडतो, वरच्या पातळीवर काय? अनुच्छेद ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये झाली. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष (विकासातली राहिलेली तूट) मोजला होता, निधीवाटपाचे निर्देश द्यायचा अधिकार राज्यपालांकडे होता. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. केळकर समितीचा २०१३चा अहवालही बाजूला पडला. प्रदेशाला मंडळ नाही, जिल्ह्याला जिल्हा नियोजन समिती आहे पण अध्यक्ष पालकमंत्री. मग अधिकार खाली आले कुठे?

टिपणवही

वऱ्हाडी_ठसा, विषय मोठा आहे, त्याला वेगळा धागा हवा. पण जिल्हा नियोजन समितीचा मुद्दा इथेच लागू पडतो. घटनेने तिच्याकडे पंचायती आणि नगरपालिका या दोघांच्या आराखड्यांची सांगड घालायचं काम दिलं (२४३ झेडडी). शहराची पाण्याची वाहिनी गावांमधून जाते, गावाचं सांडपाणी शहराच्या नदीत येतं. सांगड तिथे घालायची. प्रत्यक्षात समिती बहुतेक वेळ जिल्हा वार्षिक योजनेचा निधी वाटण्यात घालवते.

आकृतिबंध

आणि ११व्या अनुसूचीतले २९ विषय, १२व्या अनुसूचीतले १८. विषय कागदावर दिले, पण काम, कर्मचारी आणि पैसा तिन्ही एकत्र खाली आले तरच त्याला हस्तांतरण म्हणता येईल. महापालिकेतही कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, महापौरांकडे नाहीत. समावेशाने आपला नगरसेवक गावाचा कारभार चालवेल असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. एका प्रभागात चार सदस्य, त्या प्रभागात गावासह शहराचा मोठा तुकडा, आणि गावाच्या मतांचं वजन किती, याचा हिशेब करा.

खडकवाट

तरीही महापालिकेच्या बाजूने एक मुद्दा नोंदवतो. नगरपंचायतीला स्वतःचं मोठं रुग्णालय, शहर बससेवा, अग्निशमन केंद्र उभं करणं परवडत नाही. महापालिकेकडे ते असतं. पैशाचंही पाहा: जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर महापालिकांना जीएसटी भरपाई मिळते, २०१७च्या कायद्याने त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ आहे. असा नियमित ओघ लहान संस्थेला नाही. शहराला चिकटून असलेलं, शेती जवळपास संपलेलं गाव असेल तर मला समावेश योग्य वाटतो. १२ किलोमीटरवरचं असेल तर नाही. मधल्या पट्ट्यात महापालिका रस्ताही करणार नाही.

माळरान

हे पटलं.

घरपट्टी_विचारतो

निवडणुकीचं काय? प्रशासक बसला की वर्षानुवर्षं निवडणूक होत नाही असं दिसतं.

प्रभाग१७

भीती खरी आहे. घटनेत मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक, असं स्पष्ट आहे. तरी ओबीसी आरक्षणाच्या वादात (सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१चा निकाल, तिहेरी चाचणी म्हणजे आरक्षणाआधी पुऱ्या करायच्या तीन अटी, मग त्यासाठीचा बांठिया आयोग) राज्यातल्या बहुतेक मोठ्या संस्था २०२२पासून प्रशासकांकडे राहिल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायचा आदेश दिला तेव्हा गाडी हलली. वित्त आयोगाच्या अनुदानालाही निवडून आलेली संस्था असायची अट आहे. म्हणजे प्रशासक लांबला की आधी प्रतिनिधी जातो, मग पैसा.

तारखेचा दुसरा मुद्दा जनगणनेचा. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला होत्या तशा गोठवल्या आहेत, ३१ मार्च २०२७ पर्यंत. या काळात हद्द बदलत नाही. मला तर ही तयारीची संधी वाटते. नवे लोकसंख्येचे आकडेही त्यानंतर येतील आणि प्रभागरचना २०११ वर करायची वेळ टळू शकेल.

वेशीवरून

सर्वांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सगळं ग्रामसभेपुढे ठेवायचं तर क्रम काय असावा? आणि प्रारूप उद्घोषणा निघाल्यावर गावकऱ्याने नेमकं काय तपासायचं?

टिपणवही

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून असा विषय तहकूब सभेत घेऊ देऊ नका. विषयपत्रिकेत "ऐनवेळचे विषय" याखाली तर अजिबात नको. नोटिशीसोबत चार तक्ते जोडा: मागच्या तीन वर्षांची वसुली आणि थकबाकी, आत्ता येणारी सगळी अनुदानं योजनानिहाय, कर्मचाऱ्यांची यादी, आणि घरकुल, पाणी, रस्ते यांतली अपूर्ण कामं. ग्रामीण घरकुलाच्या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना वेगळं बोलावून सांगा, कारण शहरी योजनेत त्यांना नव्याने अर्ज करावा लागेल.

त्यानंतर ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून अहवाल नगरविकास विभागाकडे. शासनाला वाटलं तर प्रारूप उद्घोषणा निघते आणि हरकतींना किमान ३० दिवस मिळतात. हरकत लेखी, जिल्हाधिकारी कार्यालयात, पोच घेऊन.

शिवारवाट

तपासायचं काय ते मी सांगतो. उद्घोषणेला अनुसूची जोडलेली असते. तिच्यात हद्दीचं वर्णन असतं: पूर्वेस अमुक गावाची शीव, पश्चिमेस ओढा, आणि आत येणारे गट क्रमांक. तो कागद आणि भूमी अभिलेखचा गाव नकाशा शेजारी ठेवून एकेक गट क्रमांकावर टिकमार्क करत जा. चुका ठरावीक असतात. पोटहिस्सा लिहिलाय पण मूळ गट सुटलाय. गायरानाचा गट राहून गेलाय. वाडी महसुली गावात आहे पण अनुसूचीत तिचं नाव नाही. एक गट दोन गावांच्या यादीत आहे. सुटलेला गट ना ग्रामपंचायतीत राहतो ना नगरपंचायतीत येतो, आणि त्या घरांना जन्माचा दाखला मिळवायलाही दारोदार फिरावं लागतं.

सातपुडा_कडून

वाड्यांबद्दल जोडतो. ग्रुप ग्रामपंचायत (अनेक गावं-वाड्यांची मिळून एक) असेल तर मुख्य गाव नगरपंचायत झाल्यावर उरलेल्या वाड्यांचं काय, हे त्याच ठरावात लिहा. त्यांना वेगळी ग्रामपंचायत हवी की शेजारच्या ग्रामपंचायतीत जायचंय, त्यांची मागणी त्यांच्याच वस्तीत सभा घेऊन नोंदवा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ खाली ती वेगळी अधिसूचना निघते, आणि ती काढणारा विभाग ग्रामविकास, नगरविकास नाही. दोन विभागांच्या दोन अधिसूचना एकाच तारखेपासून लागू होतील असं पत्र आधीच द्या.

वेशीवरून

हे कुठेच वाचलं नव्हतं. दोन्ही विभागांना एकाच दिवशी पत्र द्यायचं की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत?

सातपुडा_कडून

जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच. प्रत गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. पत्रावर ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख घाला, आणि वाड्यांच्या सभेचं इतिवृत्त सह्यांसकट जोडा.